काचेच्या प्लेटांचे स्कॅनिंग: बेळगावातल्या एका दुकानाचे काम

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या जुन्या वाड्यांतल्या ट्रंकांत काचेच्या निगेटिव्ह अजून निघतात. त्या स्कॅन करून देणारे एक छोटे दुकान बेळगावात आहे. कॅमेऱ्याचे काम चोख. नंतर संगणकावर जी 'सफाई' होते, तिला मात्र आधीच आवर घालावा लागतो.

स्टँडवर खाली तोंड करून 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो लेन्स, खाली एलईडीची पेटी. प्लेट पेटीवर थेट टेकवत नाहीत, कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे देतात. त्यामुळे काचेवर काच बसून पडणारी रंगीत वर्तुळे टळतात आणि पेटीवरची धूळ फोकसच्या बाहेर जाते. प्लेटभोवती काळा कागद लावतात, नाहीतर बाजूचा उजेड लेन्समध्ये शिरून सावल्या फिक्या पडतात.

क्वार्टर प्लेट (सव्वातीन बाय सव्वाचार इंच) एका शॉटमध्ये इंचाला साधारण 1200 पिक्सेल देते, तेवढे पुरे. हाफ प्लेटला (पावणेपाच बाय साडेसहा) तोच आकडा साडेआठशेच्या आत येतो. तिथे दोन शॉट घेऊन जोडायला सांगा; सांगितल्याशिवाय करत नाहीत. फाइल 16 बिट टिफ (छटा जपणारा प्रकार) मागा. मसाल्याची (ज्या थरात चित्र असते ती), म्हणजे निस्तेज बाजू लेन्सकडे असल्याने चित्र उलटे येते आणि ते फिरवायचे कधी कधी राहून जाते. चित्रातली एखाद्या दुकानाची पाटी, मराठी असो की कानडी, लगेच चुगली करते. पाटी नसेल तर पुरुषांच्या कोटाची बटणे बघा: ती घालणाऱ्याच्या उजव्या हाताला हवीत.

आता सफाई. वर्तमानपत्रासाठी काढलेल्या प्लेटवर फोटोग्राफरचे निम्मे काम कडेला आणि खरवडीत असते. कॅमेऱ्यात प्लेट धरणाऱ्या होल्डरच्या पट्टीखाली झाकलेली कड, मसाल्यात ओरखडलेला नंबर, मागची गर्दी झाकायला फासलेला लाल रंग, चेहऱ्यावर पेन्सिलीची बारीक रेघोटी. ब्लॉक (छपाईचा ठसा) बनवताना बारीकसारीक सगळे चिखल होणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून फोटोतला माणूस तो पार्श्वभूमीतून वेगळा काढून ठेवायचा. दुकानातला मुलगा हे सगळे डाग समजून पुसतो आणि कड कापतो.

दुसरी खोड चाके 'सरळ' करण्याची. फोकल प्लेन शटरमध्ये पडद्याची फट प्लेटवरून सरकत जाते. धावत्या मोटारीचे चाक तेवढ्यात पुढे गेलेले असते, म्हणून ते तिरके, अंड्यासारखे उमटते. ही त्या यंत्राची सही आहे, तिला हात लावू नये. जुन्या प्लेटा तांबड्या रंगाला आंधळ्या असत: कुंकू काळे, भगवा फेटा गडद, निळे आकाश पांढरेफटक. तिथे ढग घालून मिळतात! नको म्हणा.

1924 च्या डिसेंबरात टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते; 'आमच्याकडे त्याची प्लेट आहे' असे सांगणारे बरेच भेटतात. दुकानदार मान डोलावतो, तपासत नाही. तुम्हीच दहापट भिंग लावा. चित्रात ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील चित्रावरून घेतलेली नक्कल. वर्तमानपत्राची जाळी इंचाला 65 रेषांच्या आसपास, म्हणजे चांगली जाड. अस्सल प्लेटमध्ये चांदीचे अनियमित कणच दिसतील.

जून ते सप्टेंबर प्लेटा हलवू नका. खानापूरकडच्या दमट हवेत मसाल्यातले जिलेटिन फुगते, बुरशी धरते, मग कागदाला चिकटून सोलून येते. प्लेट साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळा, रद्दीत किंवा प्लॅस्टिकमध्ये नको. डब्यात लांब कडेवर उभ्या ठेवा; आडव्या रचल्या तर खड्ड्यागणिक खालची तडकते. दुकानात काचेची बाजू कापूस आणि डिस्टिल्ड वॉटरने पुसतात, मसाल्याच्या बाजूला फक्त हवेचा फुगा. इथे काही बोलायला जागा नाही.

क्वार्टरला 120 रुपये, हाफला 200. जोडकामाचे वेगळे. पाचपैकी साडेतीन. पावतीवर 'कड कापू नये, पुसू नये, मूळ फाइलही द्यावी' एवढे त्यांच्याच हाताने लिहून घ्या, तोंडी सांगितलेले संध्याकाळपर्यंत टिकत नाही.