न्यूजग्रुपवरची चित्रं उघडायला कोणता डीकोडर? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

न्यूजग्रुप म्हणजे यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेतले गट, आणि तिथे मजकुराच्या रूपात आलेलं चित्र परत चित्रात बदलणारा प्रोग्राम म्हणजे डीकोडर. आधी निकाल सांगून टाकतो. सेव्ह करून ठेवलेल्या जुन्या पोस्टसाठी यूयूडीव्ह्यू, ग्रुप वाचता वाचता चित्रं बघायची असतील तर पॅन हा न्यूजग्रुप वाचायचा प्रोग्राम, आणि निवांत बघण्यासाठी वेगळा इमेज व्ह्यूअर. गेले काही महिने मी हेच वापरतोय आणि बदलायची इच्छा नाही.

माझं काम दोन प्रकारचं. खगोलशास्त्राच्या ग्रुपांवर नव्वदच्या दशकात आलेल्या चित्रांच्या पोस्ट माझ्याकडे टेक्स्ट फाइल म्हणून पडून होत्या. शिवाय बायनरी ग्रुपांवर, म्हणजे जिथे गप्पांऐवजी फाइली टाकतात तिथे, आजही येणारी स्कॅन केलेली छायाचित्रं. यूजनेट मुळात मजकुराचं माध्यम असल्यामुळे चित्र अक्षरांत बदलूनच पाठवावं लागतं, आणि ते बदलण्याच्या पद्धती काळाप्रमाणे बदलत गेल्या. जुन्या पोस्टमध्ये यूयूएन्कोड, जे मेरी अॅन हॉर्टन यांनी 1980 मध्ये बर्कलीत लिहिलं. मग माइम या ईमेलला फाइली जोडण्याच्या पद्धतीबरोबर बेस64 आलं. 2001 मध्ये युर्गन हेल्बिंग यांनी वायएन्क आणलं आणि बायनरी ग्रुपांवर तेच रुळलं. कारण सरळ आहे: यूयूएन्कोडमध्ये 3 बाइटची 4 अक्षरं होतात, प्रत्येक ओळीमागची जादा अक्षरं धरून फाइल 35 ते 40 टक्क्यांनी फुगते, वायएन्कमध्ये ही वाढ साधारण 1 ते 2 टक्के. म्हणून एकच पद्धत ओळखणारा प्रोग्राम कितीही देखणा असला तरी माझ्या उपयोगाचा नाही.

एखादी जुनी पोस्ट टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, बरंच कळतं. वर ‘बिगिन’, फाइल कोणी वाचायची-बदलायची त्या परवानगीचा आकडा, बहुतेक वेळा 644, आणि फाइलचं नाव. खाली इंग्रजी एम या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीच ओळी. हे एम म्हणजे ओळीत 45 बाइट आहेत याची खूण. शेवटची ओळ आखूड, म्हणून तिचं पहिलं अक्षर सहसा वेगळं. त्याखाली ‘एंड’. यात एक जुनं दुखणं आहे. शून्य या किमतीसाठी पूर्वी मोकळी जागा (स्पेस) वापरत, आणि वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटल्या की ओळ लांबीला कमी पडते. चांगला डीकोडर ती भरून घेतो, कच्चा तिथेच अडतो. पुढे मोकळ्या जागेऐवजी उलटं अवतरणचिन्ह वापरायला लागले, ते याचसाठी.

पण माझी निवड ज्या गोष्टीवर ठरली ती वेगळी: अपुरी फाइल समोर आली की प्रोग्राम काय सांगतो? मोठं चित्र अनेक पोस्टमध्ये तुकडे करून येतं आणि एखादा तुकडा गहाळ होणं नेहमीचंच. सुरुवातीला वापरलेल्या एका प्रोग्रामने मधला तुकडा नसतानाही ‘पूर्ण झालं’ म्हणून हिरवी खूण दाखवली. चित्र उघडलं तर वरचा भाग स्वच्छ, खाली रंग भरकटलेले आणि पट्टे सरकलेले. मला हे अजिबात चालत नाही. यूयूएन्कोडमध्ये फाइल नीट आली का हे पडताळणारा तपासणीचा आकडाच नसतो, तेव्हा विषयाच्या ओळीतला ‘3/7’ (सातांपैकी तिसरा) सारखा क्रमांक हाच डीकोडरचा मुख्य आधार. तोही त्याने वाचू नये म्हणजे काय! वायएन्कमध्ये फाइलचा आकार असतो आणि बहुधा सीआरसी32 हा तपासणीचा आकडाही, तिथे तर सबबच नाही.

यूयूडीव्ह्यू इथे खरा कामाला येतो. त्याला खिडक्या-बटणं नाहीत, कमांड लाइनवर चालतो, पण फाइलींचा ढीग पुढे केला की तुकडे विषयाच्या ओळीवरून स्वतः जुळवतो आणि काय कमी आहे ते सांगतो. यूयूएन्कोड, बेस64, मॅकवरची जुनी पद्धत बिनहेक्स, वायएन्क सगळं ओळखतो. अपुरी फाइलही काढून घ्यायची सोय आहे, मात्र ती आपण मागितल्यावरच. हा पर्याय मी आवर्जून वापरतो, कारण सुरुवातीचे तुकडे हाती असतील तर साध्या जेपेगचा वरचा भाग नीट दिसतो, आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे आधी धूसर आणि मग स्पष्ट होत जाणारं, जेपेग असेल तर अख्खं चित्र थोडं अस्पष्ट का होईना, पण दिसतं. ज्या चित्राची दुसरी प्रत कुठेच सापडत नाही, त्याचं एवढंही मोलाचं आहे. एकाच नावाच्या फाइली एकमेकांवर लिहिल्या जाऊ नयेत म्हणून नाव आपोआप बदलण्याचा पर्याय चालू ठेवा.

पॅनबद्दल थोडक्यात: तुकडे एकत्र करून चित्र पोस्टमध्येच दाखवतो, वायएन्क समजतो, लिनक्सवर हलका चालतो. नव्या पोस्टबरोबर पार2 फाइली, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या जादा फाइली, आल्या असतील तर त्या आधी उतरवा. पुरेसे दुरुस्तीचे ब्लॉक असतील तर गहाळ भाग त्यांतून पूर्ण परत उभा राहतो. वेगाचं म्हणाल तर आजच्या कॉम्प्युटरवर कुठलाच डीकोडर हळू वाटत नाही, तो मुद्दा सोडून द्या.

बघण्यासाठी वेगळा व्ह्यूअर का, तर सुरक्षिततेसाठी. चित्राचं नाव लावून पुढे दुसरंच एक्स्टेन्शन जोडलेल्या फाइली अनोळखी पोस्टमध्ये सापडतात. डीकोड करून लगेच उघडणारी सोय मी कायम बंद ठेवतो, आणि फाइल व्ह्यूअरमधूनच उघडतो, तिच्यावर डबल क्लिक करत नाही. विंडोजवर इरफानव्ह्यू चांगला: एक्स्टेन्शन आणि आतला मजकूर जुळत नसेल तर तो तसं सांगतो.

डीकोड झाल्यावर मूळ पोस्ट काढून टाकू नका. गहाळ तुकडा पुढे कुणाच्या तरी साठ्यातून मिळाला तर जोडायला त्याच लागतात. जागेची काळजी असेल तर जीझिपने दाबून लहान करून ठेवा. यूयूएन्कोडमुळे फुगलेला बराचसा भाग त्यात परत आवळला जातो.