जुनं आइसब्रेकर दुरुस्त करायचं, आयतं घ्यायचं की नवं बांधायचं?

सांगलीत वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना अमेरिकेच्या ध्रुवीय आइसब्रेकरवर, म्हणजे बर्फ फोडत वाट काढणाऱ्या जहाजांवर, बोलायचंय आणि बाजू निवडायचीय. माझं मत आधीच सांगतो: नवं बांधावं, पण ज्यांचा हात त्या कामात बसलाय त्यांच्याकडून.

दुरुस्तीची बाजू वाटते तितकी लेचीपेची नाही. ‘पोलर स्टार’ १९७६ सालचं, ७५,००० अश्वशक्तीचं. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळापर्यंत वाट फोडून देणारं अमेरिकेचं एकमेव अवजड आइसब्रेकर. त्याचं जोडीचं ‘पोलर सी’ २०१० मध्ये इंजिनं निकामी होऊन बंद पडलं आणि मग त्याचेच सुटे भाग काढून ‘स्टार’ला बसवले गेले. आपल्या साखर कारखान्यांत ऑफ सीझनला मिल खोलतात, तसं हे जहाज मोहीम संपली की गोदीत चढतं. पण गाळप अडलं तर ऊस शेजारच्या कारखान्याला घालता येतो. ‘स्टार’ बर्फात अडकलं तर त्याच्या ताकदीचं दुसरं जहाज अमेरिकेकडे नाही. लोक घरापासून इतके लांब पाठवायचे आणि सोडवायला कोणी नाही, हे मला पटत नाही.

आयतं घेण्याचा मार्गही अमेरिकेने वापरला. तेल कंपनीसाठी २०१२ मध्ये बांधलेलं ‘आयविक’ १२.५ कोटी डॉलरला घेतलं आणि २०२५ मध्ये ‘स्टोरिस’ नावाने सेवेत आणलं. लगेच मिळालं, हा मोठा फायदा. मात्र त्याची ताकद ‘स्टार’च्या एक तृतीयांशही नाही.

राहिलं नवं. आइसब्रेकरचा पुढचा भाग बर्फावर चढतो आणि जहाजाच्या वजनाने बर्फ मोडतो. म्हणून तिथली प्लेट जाड, बाकदार आणि कडाक्याच्या थंडीतही न तडकणारी लागते. जाड प्लेट वेल्डिंगच्या उष्णतेने कशी ओढली जाते, हे कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरला विचारा. हे पुस्तकातून येत नाही, काम चालू असावं लागतं. अमेरिकेत १९७० च्या दशकानंतर असं अवजड जहाज बांधलंच गेलं नव्हतं. २०१९ मध्ये कंत्राट दिलं, २०२४ मध्ये मिळायचं जहाज आता २०३० वर गेलंय. फिनलंडची बंदरं हिवाळ्यात गोठतात, त्यामुळे तिथलं हे काम कधी थांबलंच नाही. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने काही मध्यम आइसब्रेकर तिथेच बांधून घ्यायचं ठरवलं.

परीक्षक भारताबद्दल विचारतीलच. अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ तळांना सामान न्यायला आपण अजून भाड्याची जहाजं घेतो. ध्रुवीय संशोधन जहाज देशात बांधण्यासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने २०२५ मध्ये नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी सामंजस्य करार केलाय. नव्याची बाजू घेतलीत तर हा करार नक्की मांडा, आणि दुरुस्तीची घेतलीत तर २०३० पर्यंत मॅकमर्डोची वाट दुसरं कोण फोडणार, एवढंच विचारा.