स्टीअरिंगचा थरकाप आणि हेवी ड्यूटी डँपर : घ्यावा का, कधी घ्यावा

स्टीअरिंगचे झटके शोषणारा डँपर ही वस्तू चांगली आहे, पण ती ज्या कारणासाठी सगळ्यात जास्त विकली जाते नेमकं त्याच कारणासाठी ती घेऊ नये. सॉलिड अ‍ॅक्सलच्या (पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर असलेल्या) ऑफ-रोड गाडीचं स्टीअरिंग वेगात असताना पिसाटल्यासारखं हलायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, हेवी ड्यूटी स्टीअरिंग डँपर टाका. टाकला की हादरे बहुतेक वेळा थांबतातही. पण गाडी काही महिनेच जुनी असेल तर हा सल्ला जास्तच घातक ठरतो. मूळ ढिलेपणा तसाच राहतो, वॉरंटीतलं काम स्वतःच्या खिशातून होतं, आणि पुढे दोष परत उफाळतो तेव्हा सैल सांध्यातल्या बोल्टाचं भोक लंबगोल झालेलं असतं.

आधी दुखणं नीट ओळखावं, कारण स्टीअरिंग हलण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. ठरावीक वेगाला बारीक कंप येतो आणि वेग वाढवला की विरतो, तर ते चाकाचं बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरतं, तर डिस्क बघा. आणि खरा थरकाप, ज्याला जगभर ‘डेथ वॉबल’ म्हणतात, तो साधारण ७० ते ९० च्या वेगात, पुलाच्या सांध्यावरून किंवा एखाद्या खड्ड्यावरून चाक गेलं की एकदम पेटतो. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडतात, हँडल हातात राहत नाही आणि वेग बराच खाली आणल्याशिवाय ते थांबत नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, हँडल घट्ट पण न झगडता धरायचं, अंगठे आऱ्यांच्या आत अडकवायचे नाहीत, ब्रेक हळूहळू लावायचा. धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारा आणि एकदा सुरू झाला की आपोआप वाढत जाणारा, ही त्याची खूण.

असं का होतं हे कळलं की निदान निम्मं झालं. सॉलिड अ‍ॅक्सल आडव्या दिशेने धरून ठेवायला एकच दांडा असतो, ट्रॅक बार, म्हणजेच पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक फ्रेमला, दुसरं अ‍ॅक्सलला. स्टीअरिंग बॉक्स मात्र फ्रेमवर बसलेला असतो आणि ड्रॅग लिंक या दांड्याने चाकाच्या नकलला (चाकासकट वळणाऱ्या भागाला) जोडलेला असतो. ट्रॅक बारच्या बोल्टात दोन मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिली हालचाल, आला की अ‍ॅक्सल तेवढा बाजूला सरकतो, पण ड्रॅग लिंकचं वरचं टोक जागेवरच असतं. मग हँडल कोणी न फिरवताही चाकं वळतात. वळलेली चाकं अ‍ॅक्सलला उलट बाजूला ढकलतात, आणि झोका सुरू होतो. डँपर हा झोका शोषून घेतो, पण तो ज्या सैल जागेत जन्मतो ती जागा तशीच राहते.

म्हणून पहिली तपासणी ट्रॅक बारची, आणि ती जॅक न लावता करायची. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे लावलेले, चारही चाकं जमिनीवर. इंजिन चालू, म्हणजे पॉवर स्टीअरिंगची ताकद मिळते. एकाने आत बसून हँडल घड्याळातल्या दहापासून दोनपर्यंत झटपट डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने पुढून आत डोकावून एकेक सांधा बघायचा आणि बोटांनी चाचपायचा. ट्रॅक बारच्या टोकाचं बुश (आत लोखंडी नळी असलेलं रबर) आणि ते धरणारं ब्रॅकेट यांच्या मधल्या रेषेवर बोट ठेवलं की डोळ्याला न दिसणारी हालचालही जाणवते. रबर थोडं पिळवटणं ठीक आहे, पण आतली लोखंडी नळी ब्रॅकेटच्या कानांत सरकता कामा नये. बोल्टाच्या डोक्याभोवती गंजाची तांबूस भुकटी किंवा रंग घासून चकाकणारी चकतीच्या आकाराची खूण दिसली तर तिथे हालचाल होतेय हे नक्की समजा.

बोल्ट काढून भोकात नखाने फिरवून बघा. भोक गोल असेल तर नख सरळ फिरतं, लंबगोल झालं असेल तर एका बाजूला कड अडकते. जीपच्या रँग्लर जेकेमध्ये इथे १४ मिमीचा बोल्ट असतो, आणि झिजलेलं भोक भरून काढायला बरेचजण ९/१६ इंची, म्हणजे सुमारे १४.२९ मिमीचा बोल्ट घालतात. किंचितच झिजलं असेल तर हा उपाय चालतो. भोक ठळक लंबगोल असेल तर ब्रॅकेटवर वेल्डिंग करून नवी प्लेट बसवावी लागते. जेकेच्या ट्रॅक बार बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, १२५ फूट-पाउंड, म्हणजे जवळपास १७० न्यूटन-मीटर. इतर गाड्यांचा आकडा त्या-त्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नको.

टॉर्क कधी द्यायचा हेही तितकंच महत्त्वाचं, आणि नव्या गाडीत लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा संच) बसवणारी बरीच गॅरेजं इथेच चुकतात. रबर बुशचा बोल्ट गाडी गॅरेजच्या लिफ्टवर लटकत असताना आवळला की बुश त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचा आवळ द्यायचा. लिफ्ट किंवा सस्पेन्शनचं काम झाल्यावर काही शे किलोमीटर चालवून टॉर्क रेंचने परत तपासायचं. बोल्टावर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवली तर पुढच्या वेळी नजर टाकली तरी पुरते.

कारखान्यातूनच दोष येऊ शकतो, हेही लक्षात ठेवावं. २०१८ च्या रँग्लर जेएलपैकी (जेकेनंतरची पिढी) काही गाड्या अमेरिकेत त्याच वर्षी परत बोलावल्या होत्या. ट्रॅक बारच्या फ्रेमवरच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग सदोष असू शकतं, हे कारण होतं. त्यामुळे नवी गाडी आहे म्हणजे वेल्ड बघायची गरज नाही असं समजू नका. टॉर्च घेऊन वेल्डची रेघ सलग आहे का, कुठे रंगाला केसाएवढी भेग पडली आहे का, ते पाहा.

यानंतर टायर. चिखलातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला गाळ चिकटलेला असतो, आणि पसाभर गाळही बॅलन्सिंग बिघडवायला पुरतो. आधी तो खरवडून धुवा, मग बॅलन्सिंग करा. वजनाची चिकटपट्टी निघून गेल्याची खूण रिमवर दिसते, तीही शोधा. हवा जास्त भरलेला मोठा टायर चेंडूसारखा उसळतो आणि प्रत्येक सांध्यावर झोक्याला धक्का देतो. दारावरच्या स्टिकरचा आकडा मूळ मापाच्या टायरसाठी असतो. मोठ्या टायरसाठी खडूची परीक्षा करा : टायरच्या पृष्ठावर आडवी खडूची पट्टी ओढा, सरळ थोडं चालवा. फक्त मधला खडू गेला तर हवा जास्त, फक्त कडांचा गेला तर कमी. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून थरकापाचं वागणं बदलतं का ते पाहा. बदललं तर टायर किंवा रिम, नाही बदललं तर सांधे. या परीक्षेला जॅक आणि पाना सोडून काही लागत नाही, तरी लोक ती शेवटी करतात.

बॉल जॉइंट (नकलला वळू देणारे गोल सांधे) आणि व्हील बेअरिंग जॅकवर बघायची. चाक उचलून वर-खाली, म्हणजे बारा आणि सहावर हात धरून हलवा. प्ले जाणवला की कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. टायरखाली पहार घालून उचलल्यावर नकल वर-खाली होतो का तेही पाहा. तीन आणि नऊवर हात धरून सापडणारा प्ले बहुधा टाय रॉड एंडचा, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा. सुझुकी जिम्नीत बॉल जॉइंट नसतात, किंगपिन बेअरिंग असतात, आणि त्यांचं प्रीलोड (आधीच दिलेला दाब) शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरतं. नकल स्प्रिंग बॅलन्सने ओढून ते मोजावं लागतं. तिथे हाताच्या अंदाजावर जाऊ नये. स्टीअरिंग बॉक्सचे फ्रेमवरचे बोल्ट आणि पिटमन आर्मचा (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणाऱ्या दांड्याचा) नट जाता-जाता पाहून घ्या.

कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, हा लिफ्ट केलेल्या गाड्यांचा विषय. दर इंच उंचीमागे कॅस्टर साधारण पाऊण ते एक अंश कमी होतो, हँडल मधे परतायचं विसरतं आणि गाडी भटकते. उपाय लांब किंवा अ‍ॅडजस्टेबल कंट्रोल आर्म (अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरणारे दांडे). पण कॅस्टर वाढवत नेणं हे औषध नाही, फार जास्त कॅस्टरनेही चाकांची फडफड वाढते. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या, तोंडी ‘ओके आहे’ नको. टो (चाकांच्या पुढच्या कडांचा कल) किंचित आत असावा, बाहेर कधीच नसावा.

आता डँपर. २०१९ मध्ये जीपच्या कंपनीने रँग्लरच्या मालकांना नवा डँपर मोफत बसवून द्यायची मोहीम काढली. थंड हवेत, सुमारे ४ अंश सेल्सिअसच्या खाली, जुन्या डँपरच्या तेलात बुडबुडे धरतात आणि त्याची रोखण्याची ताकद कमी होते, असं कारण दिलं होतं. यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. खराब डँपर थरकापाला मोकळं रान देतो, हे खरं. पण डँपरवर एवढं अवलंबून असलेल्या गाडीत मुळात झोका पेटायला जागा आहे, हेही तितकंच खरं. सांधे घट्ट आणि टायर चांगले असलेली गाडी डँपर काढूनही सरळ धावते. हीच शेवटची परीक्षा. रिकाम्या, बंद जागेत डँपर काढून वेग थोडा-थोडा वाढवत बघा. रहदारीच्या रस्त्यावर हे कधीही करू नका.

जुना डँपर तपासायला एक टोक सोडा आणि दांडा पूर्ण आत-बाहेर करा. दोन्ही दिशांना एकसारखा, दाट मधासारखा विरोध हवा. मधेच काही मिलिमीटर हात रिकामा गेला तर आत हवा आहे. दांड्यावर तेलाचा ओलसर थर म्हणजे सील गेलं.

विकत घेताना तीन प्रकार दिसतात. साधा ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा), रोजच्या वापराला पुरेसा. हा आडवा बसणारा असावा लागतो, त्यामुळे सस्पेन्शनचा शॉक तिथे जुगाड म्हणून लावू नका. काहींवर वरची बाजू कोणती याची खूण असते, ती पाळा. दुसरा नायट्रोजन भरलेला मोनोट्यूब (एकाच नळीचा). तेलात फेस होऊ न देण्यात हा उजवा, पण गॅसच्या दाबाने दांडा आपोआप बाहेर येतो, आणि तेवढं हँडल एका बाजूला ओढलं जातं. हातात घेऊन दाबून सोडा, किती जोराने उघडतो ते लगेच कळेल. ड्रॅग लिंक फिरवून हँडल मधे आणता येतं, ओढ मात्र जात नाही. तिसरा दोन्ही बाजूंनी दांडा असलेला, जसा फॉक्सचा ‘२.० एटीएस’. दांडा आरपार असल्याने आत-बाहेर दोन्हीकडचं क्षेत्रफळ सारखं, म्हणून ओढ नाही, शिवाय कडकपणा नॉबने बदलता येतो. मोठे टायर घालून दगडांत गाडी चालवणाऱ्याला हाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत. कडकपणा मात्र सगळ्यात कमीवर ठेवून सुरुवात करा. तो वाढवल्यावरच थरकाप थांबत असेल तर सैल सांधा अजून सापडलेला नाही.

दोन डँपर एकत्र लावणाऱ्या किटची शिफारस करवत नाही. हँडल जड होतं, वळणानंतर चाकं सरळ यायला उशीर लागतो आणि झिजणाऱ्या सांध्याचा इशारा हातापर्यंत पोचतच नाही.

बसवताना चाकं सरळ असताना दांडा साधारण अर्ध्यावर हवा, आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवल्यावर डँपर आधी टेकता कामा नये. चाकाचा स्टॉप आधी लागला पाहिजे. यू-बोल्टच्या क्लँपवर बसणारा असेल तर टाय रॉडवर मार्करने खूण करून ठेवा, क्लँप सरकला की खुणेवरून कळतं.

वॉरंटीतल्या गाडीवर यातलं काहीच स्वतः बदलू नका. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, तोही शेजारी बसलेल्याने. किती वेग, किती थंडी, टायरमध्ये किती हवा, कुठल्या सांध्यावर सुरू झालं, हे लिहून द्या. जॉब कार्डवर ‘ट्रॅक बारच्या दोन्ही बोल्टांचा टॉर्क आणि भोकं तपासणे’ असं शब्दशः लिहून घ्या. नुसतं ‘व्हायब्रेशन’ लिहिलं तर बॅलन्सिंग करून गाडी परत येते. फक्त डँपर बदलून दिला तर बाकी सांध्यांचं काय आढळलं ते लेखी मागा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी टेक्निशियनला शेजारी बसवून त्याच वेगात, तसल्याच सांध्यावरून एक फेरी मारा.