गिंपचं ‘कंपोज’: आठ महिने, सत्तर-ऐंशी मटेरियल्स

मागच्या हिवाळ्यात एका जुन्या वाड्याच्या दरवाज्याचं थ्रीडी मॉडेल करायला घेतलं, ब्राउझरमध्ये बोटाने फिरवून बघता येईल असं. सागवानी फळ्या, त्यांवर पितळी फुलखिळे, गंजलेली लोखंडी कडी, खाली काळ्या पाषाणाचा उंबरा. त्याच सुमारास दरमहा भाडं भरायचं सॉफ्टवेअर खिशाला परवडेना म्हणून बंद केलं आणि गिंप या चित्रांवर काम करायच्या फुकट सॉफ्टवेअरवर आलो. तेव्हापासून सत्तर-ऐंशी मटेरियल्स, म्हणजे मॉडेलवर चढवायचे लाकूड-दगड-धातूसारखे पृष्ठभाग, हातावेगळी झाली. त्यांतल्या बहुतेकांचे राखाडी मॅप, म्हणजे पृष्ठभागाची माहिती देणारी चित्रं, गिंपच्या एकाच खिडकीतून गेले: कलर्स, मग कंपोनंट्स, मग कंपोज. ब्रश, लेयर, सिलेक्शन यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी फक्त या खिडकीबद्दल बोलतो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मटेरियलला रंगाचं चित्र वेगळं असतं. त्याशिवाय तीन राखाडी चित्रं लागतात. ॲम्बियंट ऑक्लूजन, म्हणजे खाचाखोचांत उजेड किती कमी पोचतो. रफनेस, म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत. आणि मेटॅलिक, म्हणजे इथे धातू आहे की नाही. या तिन्हींत रंग नाहीच, पिक्सेलमागे ० ते २५५ मधला एक आकडा आहे. रंगीत चित्रात लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचे तीन आकडे मावतात, मग तीन फाइली कशाला? ऑक्लूजन लाल चॅनेलमध्ये, रफनेस हिरव्यात, मेटॅलिक निळ्यात. ख्रोनोस ग्रूपच्या जीएलटीएफ २.० या थ्रीडी मॉडेलच्या फाइल-प्रकारात २०१७ पासून हीच वाटणी आहे. अनरियल या गेम इंजिनवाले याला ओआरएम म्हणतात, पॉली हेवन या साइटवरून टेक्स्चर, म्हणजे मटेरियलचं चित्र, उतरवलंत तर तेच एआरएम नावाने मिळतं.

यातल्या फायद्याचा हिशेब बरेच जण चुकीचा करतात. डिस्कवर फार जागा वाचत नाही. वाचतं ते ग्राफिक्सच्या मेमरीत. ब्राउझरमध्ये राखाडी पीएनजीसुद्धा बहुतेक वेळा चार चॅनेलची होऊन बसते. २०४८ बाय २०४८ चं एक टेक्स्चर म्हणजे १६ एमबी, मिपमॅप (दुरून बघण्यासाठीच्या लहान प्रती) धरले की २१ च्या वर. तीन वेगळी ठेवली तर ६४, एकत्र बांधली तर २१. माझ्या दरवाज्याला पाच मटेरियल्स होती, म्हणजे दोनशे एमबीच्या वर फरक. साध्या फोनवर मॉडेल उघडणं आणि टॅब बंद पडणं, यांतला तो फरक होता.

आता खिडकी. तिन्ही चित्रं ‘ओपन ॲज लेयर्स’ने एकत्र, एकावर एक थर म्हणून उघडायची आणि इमेजचा मोड ग्रेस्केल (राखाडी) करायचा. हे दुसरं विसरलात तर कंपोज मेनूत फिकटच दिसतं आणि का ते कोणी सांगत नाही. पहिल्या दिवशी माझा अर्धा तास यात गेला, प्लग-इनच बसलेलं नाही अशी समजूत करून घेतली होती. तिन्ही चित्रांचं माप सारखं हवं. मग कलर मॉडेल आरजीबी निवडायचं, लाल-हिरवा-निळा यांसमोर कोणता लेयर जाणार ते सांगायचं आणि ओके. नवी इमेज तयार.

इथे मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे मास्क व्हॅल्यू. प्रत्येक चॅनेलसमोर लेयरऐवजी नुसता एक आकडाही देता येतो. उंबऱ्याच्या दगडात धातूचा अंशही नाही, तर मेटॅलिकचं काळं चित्र कशाला बनवा? निळ्यात ० टाकायचं. ऑक्लूजन नसेल तर लालमध्ये २५५. लाकूड, दगड, चुना, कापड या सगळ्यांना हे चालतं, आणि माझ्या कामात निम्म्याहून जास्त तेच असतं.

दुसरी आवडलेली गोष्ट रीकंपोज. बांधलेलं टेक्स्चर आहे आणि त्यातला रफनेसच थोडा खाली आणायचाय. आधी डीकंपोज करायचं, तीन लेयर सुटे होतात. हिरव्याच्या लेयरवर कर्व्हज (उजळपणा कमी-जास्त करायचं साधन) फिरवायचे आणि रीकंपोज म्हणायचं, बदल मूळ चित्रात जाऊन बसतो. कडीच्या बाबतीत हे सतरा वेळा केलं असेल. गंज म्हणजे धातू नव्हे, तिथे मेटॅलिक काळाच हवा. कडी जिथे हाताने घासून उघडी पडलीय तेवढंच पांढरं. ही सीमारेषा एका फटक्यात जमत नाही, मॉडेलवर बघायचं, परत यायचं, पुसायचं, परत बघायचं. रीकंपोज नसतं तर प्रत्येक फेरीला तीन फाइली शोधत बसलो असतो.

आता घोळ. लेयर कोणत्या चॅनेलमध्ये घालायचा याचा अंदाज खिडकी आपला आपण बांधते, तो लेयरांच्या क्रमावरून. माझ्या फाइलींची नावं ऑक्लूजन, मेटॅलिक, रफनेस. वर्णक्रमात मेटॅलिक रफनेसच्या आधी येतो. खिडकीने मेटॅलिक हिरव्यात घातला, रफनेस निळ्यात. मी न बघता ओके केलं. रात्री उशीर झालेला, सकाळी ज्यांचं काम होतं त्यांना लिंक पाठवायची होती, पाठवली. त्यांचा फोन आला: “दरवाजा स्टीलचा केलाय का?” उघडून बघितलं तर सागवानी फळ्या क्रोमच्या बंपरसारख्या चकाकत होत्या आणि पितळी खिळे खडूसारखे मेले होते. लाकडाला मेटॅलिकमध्ये १८० मिळाले होते आणि रफनेसमध्ये ०. संगणकाने इमानेइतबारे आरसा दाखवला. चूक माझीच. पण नाव जुळवून बघणं किंवा निदान मागच्या वेळची मांडणी पुढे धरणं या खिडकीला सहज जमलं असतं. आता मी फाइलींना १, २, ३ असे आकडे लावतो.

दुसरा घोळ रंगव्यवस्थापनाचा, आणि यात आठ महिन्यांतला सगळ्यात जास्त वेळ गेला. आपल्या लेखी तो आकडा असतो, गिंपच्या लेखी तो रंग असतो. एका मित्राने पाठवलेल्या राखाडी फाइलीत छपाईसाठीचं ‘डॉट गेन २० टक्के’ हे प्रोफाइल, म्हणजे कोणता आकडा कोणत्या छटेत दाखवायचा याचा तक्ता, चिकटलेलं होतं. उघडताना गिंपने विचारलं, ठेवायचं की बदलायचं? सवयीने बदला म्हटलं आणि मधले सगळे राखाडी आकडे हलले. डोळ्यांना चित्र तेच, आकडे वेगळे. डेटाच्या चित्रात प्रोफाइल कधीही बदलू नये.

याचाच भाऊ म्हणजे इन्व्हर्ट. युनिटी या गेम इंजिनला रफनेस नको असतो, स्मूदनेस हवा असतो, म्हणजे उलटा. गिंपच्या कलर्स मेनूत इन्व्हर्ट आहे आणि लिनियर इन्व्हर्टही आहे. मला वाटलं, लिनियर म्हणजे आकड्यांसाठीचं, तेच बरोबर असणार. २०० चं साध्या इन्व्हर्टने ५५ होतं, जे हवं तेच. लिनियर इन्व्हर्टने १७४ होतं. ओलसर फरशी आणि कोरडी वीट यांच्यात जेवढं अंतर, जवळपास तेवढी चूक. आपल्याला साधंच इन्व्हर्ट लागतं. नाव फसवं आहे, लक्षात ठेवा.

आणि युनिटीच्या मास्क मॅपमध्ये, म्हणजे तिथल्या बांधलेल्या टेक्स्चरमध्ये, स्मूदनेस अल्फात जातो, पारदर्शकतेच्या चौथ्या चॅनेलात. कंपोजला आरजीबीए निवडलं की ते होतं. पण पीएनजी एक्स्पोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलांचे रंग जपून ठेवायचा जो चौकोन असतो, त्यावर खूण करा. नाहीतर जिथे स्मूदनेस शून्य तिथे अल्फा शून्य, आणि तिथले बाकीचे तीन आकडे गिंप कचरा समजून टाकून देऊ शकतो.

गिंपच्या बाहेरचीही एक गोष्ट सांगतो, कारण लोक शिव्या गिंपला घालतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बांधलेलं टेक्स्चर लावताना कलर स्पेस नॉन-कलर ठेवायची. एसआरजीबी, म्हणजे रंगीत चित्रांची नेहमीची, राहिली तर १२८ चा रफनेस ०.५ न होता ०.२२ च्या आसपास वाचला जातो आणि सगळं तेल लावल्यासारखं दिसतं.

जेपीजी तर विसरूनच जा. आकार कमी व्हावा म्हणून एकदा करून बघितलं. जेपीजी आधी उजेड आणि रंग वेगळे करतो आणि रंगाचं रिझॉल्यूशन सहसा निम्म्यावर आणतो. उजेडाच्या त्या हिशेबात हिरव्याचा वाटा ५८.७ टक्के, निळ्याचा जेमतेम ११.४. म्हणजे सगळ्यात जास्त मार निळ्याला, आणि निळ्यात आपला मेटॅलिक, ज्याच्या कडा सुरीसारख्या हव्यात. खिळ्यांभोवती लाकडावर धातूचं पुसट वलय उमटलं, बांगडीएवढं नाही, पण जवळून दिसेल एवढं. पीएनजीवर परत आलो.

तक्रार करायचीच तर ती चॅनेल्सच्या पॅनेलबद्दल. तिथे फक्त लाल चॅनेलचा डोळा चालू ठेवला तर चित्र लाल-काळं दिसतं. निळ्याचं तर अंधारात चाचपडणं. मला ते राखाडी बघायचंय, कारण मुळात ते राखाडीच आहे. तपासायचं म्हणजे दर वेळी डीकंपोज करा, बघा, बंद करा. दिवसात दहा वेळा हे करून बघा म्हणजे कळेल मी का कुरकुरतोय.

आणि एकगठ्ठा कामाला ही खिडकी बसत नाही. चाळीस मटेरियल्स एकदम आली तेव्हा पायथॉनची स्क्रिप्ट लिहून घेतली, छान चालली. मग २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या गिंप ३.० वर गेलो आणि स्क्रिप्ट मेली, कारण आतली मांडणीच बदललीय. ती दुरुस्त करायचा कंटाळा केला. आता गठ्ठ्यासाठी इमेजमॅजिक या टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची एका ओळीची आज्ञा वापरतो, तिच्यातला कंबाइन हा पर्याय तीन फाइली घेऊन एक देतो. गिंप राहिला तो पहिलं मटेरियल जुळवायला आणि नंतरच्या डागडुजीला. या दोन्हींत मला त्याच्याइतकं सोयीचं आणि फुकटचं दुसरं सापडलेलं नाही, पाचपैकी चार द्यायला हरकत नाही. कापलेला एक त्या क्रमाच्या अंदाजासाठी.

त्या स्टीलच्या दरवाज्यानंतर एक खूण मात्र डोळ्यांत बसलीय. बरोबर बांधलेल्या चित्रात लाकूड हळदीसारखं पिवळं दिसतं, कारण लाल-हिरवा भरलेला आणि निळा रिकामा. पितळी खिळे गुलाबी-जांभळे, कारण चकाकी म्हणजे हिरवा कमी. अदलाबदल झाली की लाकूडच गुलाबी होतं. हाताखाली शिकायला आलेल्या मुलीला एवढंच सांगून ठेवलं होतं. परवा रात्री मीच तिला घाईत एक फाइल पाठवली. तिचा निरोप आला: “दादा, कपाट गुलाबी आहे.”