पुण्यातली जीआयएस कंपनी का इथंच राहून मॅपिंगची कामं?

एमएस्सी जिओग्राफी, जिओइन्फॉर्मॅटिक्स नाहीतर सिव्हिल झालेली पोरं हेच विचारायलेत, पुण्यात कंपनी धरायची का संभाजीनगर, लातूर, नांदेडात राहून स्वतःची कामं घ्यायची. दोन्हीला जीआयएसच (नकाशा अन् त्याला जोडलेली माहिती कॉम्प्युटरवर हाताळायचं तंत्र) म्हणतात पण दिवसभराचं काम एवढं वेगळं आहे की एकीकडचा अनुभव दुसरीकडं निम्माच कामी येतो.

कंपनीत काम बहुतेक बाहेरच्या देशातल्या क्लायंटचं. फायबर, गॅस, वीज यांचं नेटवर्क, रस्त्यांचा डेटा. समोरच्या इमेजवर लाइन ओढा, अ‍ॅट्रिब्युट म्हणजे त्या लाइनची माहिती भरा, क्यूसीवाला, म्हणजे काम तपासणारा, एरर काढून परत पाठवणार, वरून टार्गेट. फ्रेशरच्या पगारातून खोलीभाडं, मेस अन् गावाकडच्या फेऱ्या गेल्या की फार काही उरत नाही. पण फाइलला नाव कसं द्यायचं, जुनी व्हर्जन कशी ठेवायची, टोपोलॉजी, म्हणजे लाइनी अन् आकार एकमेकांना नीट जुळतात का ते, तपासल्याशिवाय डेटा पुढं सोडायचा नाही, ही शिस्त तिथंच लागते, इथं ती शिकवणारं कोणी भेटत नाही. अडचण एवढीच की इमेजवर लाइनी ओढायच्या निव्वळ डिजिटायझेशनवरच राहिलात तर पुढं अवघड आहे, इमेजवरून घरांचे पॉलिगॉन (बंद आकार) आपोआप काढणारी एआय मॉडेल्स आलीत, म्हणून पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा), पोस्टजीआयएस (नकाशाच्या डेटाचा डेटाबेस) यांना हात लावायला मिळणार का हे इंटरव्ह्यूतच विचारून घ्या.

इथल्या कामाचं तसं नाही, इथं आधी गावात जावं लागतं. नगरपरिषदेच्या घरपट्टीसाठी मालमत्तांचं मॅपिंग, जलजीवनच्या पाइपलाइनी, पाणलोटाचे नकाशे, एनए लेआउट, रस्त्याच्या भूसंपादनाला गट कुठून कापला जातोय ते दाखवायचं, अशी कामं असतात. अन् सगळ्यात घाम काढतो तो गट नकाशा. स्कॅन करून जिओरेफरन्स केला, म्हणजे खऱ्या जागेवर बसवला, की गुगलच्या इमेजशी जुळत नाही, कागद ताणलेला असतो, बांध सरकलेले असतात, मग तीन गावांच्या शिवा मिळतात ती खूण, जुनी विहीर, पांदण असं धरत धरत बसवावा लागतो आणि ते दाखवायला गावातला एखादा म्हातारा माणूसच लागतो. त्यात १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळं जुने कागद काढले तर उर्दू नाहीतर मोडीत निघतात. पुण्यात बसून हे जमणार नाही, आणि मला वाटतं इथल्या माणसाची किंमत ह्याच कामात आहे.

बारकावेही इथलेच. मराठवाडा जवळपास सगळा यूटीएम (नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडायची पद्धत) झोन ४३ मध्ये येतो पण ७८ अंश रेखांशाची रेघ नांदेड जिल्ह्यातून जाते आणि किनवट तिच्या पलीकडं, झोन ४४ मध्ये. सोयाबीनचं क्षेत्र काढायचं तर सेंटिनल-२ उपग्रहांची १० मीटरची इमेज फुकट मिळते, ५ दिवसाला नवीन येते, पण ऐन खरिपात वर ढग, मग ढगातूनही दिसणारा सेंटिनल-१ चा रडार डेटा शिकावाच लागतो. ज्वारी-हरभऱ्याला एवढा त्रास नाही.

एक सांगून ठेवतो, शेतकऱ्याला वाटतं तुमचा ड्रोनचा नकाशा दाखवला की बांधाचं भांडण मिटलं. नाही मिटत. हद्द कायम करायची तर मोजणी भूमी अभिलेखची नाहीतर त्यांनी प्रमाणित केलेलीच लागते, हे काम घ्यायच्या आधीच सांगा, नाहीतर दोन्ही भावांच्या शिव्या तुम्हालाच.

परवानग्यांचं आता सोपं झालंय. फेब्रुवारी २०२१ पासून भारतीय माणसाला मॅपिंगसाठी आधी मंजुरी घ्यायची गरज राहिली नाही. ड्रोनचं मात्र वेगळं, २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट पाहिजे, आणि चिकलठाणा विमानतळाच्या आसपास उडवायच्या आधी तिथं ड्रोनला परवानगी आहे का तो झोन बघा. परदेशी तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, त्यामुळं घाईनं ड्रोन घेण्यापेक्षा सुरुवातीला भाड्यानं उडवून घेतलेला बरा.

सॉफ्टवेअरवर भांडू नका. कंपनीत आर्कजीआयएस असेल तर ते वापरा, घरी क्यूजीआयएस फुकट आहे आणि वरची बहुतेक कामं त्यात होतात.

आता पैसा, इथंच खरा फरक पडतो. कंपनीत कमी का होईना पण तारखेला येतो. इथं सरकारी काम थेट मिळत नाही, टेंडरला मागच्या वर्षांची उलाढाल मागतात, म्हणून नवीन पोरगं मोठ्या एजन्सीच्या खाली, तिच्याही खालच्याच्या खाली सबकॉन्ट्रॅक्टवर जातं अन् वरच्याचं बिल निघेपर्यंत वाट बघत बसतं. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) असेल तर कायद्यानं ४५ दिवसांत पैसे यायला पाहिजेत, तक्रारीला सरकारी ऑनलाइन पोर्टलही आहे, पण तोंडी कामाला तिथं दाखवणार काय? वर्क ऑर्डर लेखी घ्याच. माझं मत विचाराल तर तिसऱ्या पायरीचं सरकारी काम करण्यापेक्षा पुण्याचं टार्गेट परवडलं. पण लेआउटवाले, आर्किटेक्ट, पाइपलाइनचे ठेकेदार अशी प्रायव्हेट गिऱ्हाइकं ओळखीत असतील आणि सहा महिने पैसे नाही आले तरी घर चालत असेल, तर पुण्याला जाऊच नका.

नांदेड-लातूरवाल्यांनी हैदराबादचंही बघावं, इस्रोचं रिमोट सेन्सिंगचं केंद्र एनआरएससी तिथंच आहे, कंपन्याही आहेत, आणि नांदेडहून तर ते पुण्यापेक्षा जवळ पडतं.