शंभर वर्षं जुनी बंदूक, लायसन्स लागत नाही, असं कोणी म्हणालं तर

पंच्याऐंशी हजार रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की दीड महिना माझ्या घरात, नातवंडं जिथे खेळतात त्या खोलीच्या भिंतीवर, गोळी सुटू शकेल अशी बंदूक विनापरवाना टांगलेली होती.

मी नाशिकला शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर जुनी कुलपं, अडकित्ते, पितळी दिवे जमवतो. भद्रकालीपासून गंगेवरच्या बुधवारच्या बाजारापर्यंत जुनं सामान विकणारे मला ओळखतात. हा माणूस त्यांतला नव्हता, ओळखीच्या ओळखीतून आला. मार्टिनी-हेन्री घेऊन आला होता. १८७१ साली ब्रिटिश फौजेनं घेतलेली, खालची लिव्हर ओढली की उघडणारी, एका वेळी एकच काडतूस घेणारी. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातून निघाली म्हणाला. "सर, शंभर वर्षांच्या पुढची आहे, अँटिक. लायसन्स लागतच नाही." स्टँपपेपरवर तसं लिहूनही दिलं.

ते वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. शंभर वर्षांची अट आहे पुरातन वस्तूंच्या १९७२च्या कायद्यात. बंदुकीला लागतो १९५९चा शस्त्र कायदा. त्याच्या ४५व्या कलमात जुनाट, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. नाहीतर वय कितीही असो, परवाना हवा. विनापरवाना बाळगल्यास कलम २५ खाली दोन ते पाच वर्षं कैद आहे. स्टँपपेपरला इथे काडीची किंमत नाही.

देवळालीचे एक सुभेदारसाहेब, फौजेतून आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे, म्हणून निवृत्त झालेले, सहज घरी आले होते. त्यांनी बंदूक उतरवली ती नळी कोणाकडे रोखली जाणार नाही अशी धरून. आधी लिव्हर ओढून काडतुसाची जागा रिकामी आहे ना ते बोट घालून पाहिलं. मग चष्मा लावला.

"मास्तर, मुकुटाखाली काय आहे ते वाचा."

व्ही.आर., म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, व्हिक्टोरिया राणी, आणि त्याखाली १९०४. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१मध्ये वारली. १९०४ साली गादीवर सातवा एडवर्ड होता, त्या वर्षी सरकारी कारखान्यात राणीचा शिक्का ठोकला जाणं शक्य नाही. एनफिल्ड या ब्रिटिश सरकारी कारखान्याच्या नावातलं 'एन' अक्षर उलटं कोरलेलं होतं. नळीत टॉर्च मारून त्यांनी पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, मोजले. अस्सल मार्टिनी-हेन्रीच्या नळीत सात असतात, हिच्यात पाच होते. ही सालं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली आहेत, तरी पैसे मोजताना तो शिक्का एकदाही नीट वाचला नाही, याची खंत जात नाही.

अशा नकला पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणी हातानं घडवल्या गेल्या, असं त्यांनी सांगितलं. कारागीर अक्षर न वाचता शिक्क्याचं चित्र उतरवतो, म्हणून चुका राहतात. तेवढ्यानं भागलं असतं तर फक्त किंमत कमी झाली असती. पण पोलाद कुठलं, त्याला पाणी कसं दिलं, हे कोणालाच ठाऊक नसतं. अस्सल मार्टिनीसुद्धा काळ्या दारूच्या काडतुसासाठी बनली होती. नकली नळीत आजची जास्त जोराची बिनधुराची दारू भरली, तर ती झाडणाऱ्याच्या तोंडाशी फुटू शकते. "एक बार काढून बघू" हा मोह कृपा करून कोणी धरू नका.

शेवटी त्यांनी नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्यातलं भोक दाखवलं. ते बुजवलेलं नव्हतं. त्यातून पुढे येऊन काडतुसावर आपटणारा स्ट्रायकर शाबूत होता, नळीत कुठेही वेल्डिंग नव्हतं. लायसन्स लागत नाही म्हणून विकलेली बंदूक निकामी नव्हतीच.

त्याच दिवशी वकिलांना फोन केला. बंदूक घराबाहेर न्यायची नाही, असं त्यांनी बजावलं. पोलीस ठाण्यात कळवलं, ते घरी आले, पंचनामा झाला, पावती मिळाली. फसवणुकीची तक्रारही दिली आहे. त्या माणसाचा फोन बंद आहे.

मागच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोटो पाठवून विचारलं, "सर, घेऊ का?" नंबर नवा होता. बंदुकीवर तोच मुकुट, तेच १९०४. त्यानं पाच हजार विसार आधीच दिला होता. फोटो आणि तो नंबर आम्ही दोघांनी मिळून तपास अधिकाऱ्याकडे नेऊन दिला.