बाहेरच्या लॅबला स्टॅबिलिटी टेस्टिंग दिलं, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

लॅबचं नाव घेत नाही, महापे एमआयडीसीतली आहे एवढंच. आमची कंपनी छोटी, गोरेगावला ऑफिस, औषधाच्या गोळ्या थर्ड पार्टीकडे बनतात, विकतो आम्ही आमच्या नावाने, आणि स्टॅबिलिटी, म्हणजे औषध किती काळ टिकतं याची तपासणी, यांच्याकडे. निवडताना फॉर्म ३७ (औषधं तपासायची सरकारी मंजुरी) बघितला, ऑडिट केलं आणि खरं सांगायचं तर रेट बघितला, तिघांत हेच स्वस्त.

पहिले सहा महिने तक्रारीला जागाच नाही. रिपोर्ट वेळेत, एचपीएलसीचा (औषधातले घटक मोजायचं मशीन) ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, मागितला की स्क्रीन फिरवून समोर ठेवायचे. चार स्टार नक्की होते.

मग जुलैतला तो शनिवार. रात्री लाइट गेली, तासाभरात आली पण, फक्त ४०/७५ चा चेंबर (४० अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रतेत औषधं ठेवायचं कपाट) कोणी रिसेटच केला नाही, तो सोमवार सकाळपर्यंत बंद, आत आमच्या तीन बॅच. अलार्मचा एसएमएस गेला होता हो! जानेवारीत नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या नंबरवर. त्याने म्हणे दोनदा सांगितलं होतं माझा नंबर काढा म्हणून. आणि मला कळलं अकरा दिवसांनी, तेही मी चेंबरच्या नोंदींचा प्रिंटआउट मागितला म्हणून.

चिडून क्वालिटी अ‍ॅग्रीमेंट उघडलं तर त्यात 'तात्काळ कळवावे'. तात्काळ म्हणजे किती तास? हे वाक्य लिहिणारा शहाणा मीच. आमचे साहेब म्हणाले चूक लॅबची आहे, तू कशाला घाम गाळतोस. अहो, १ मार्च २०२१ पासून माल मार्केट करणारापण क्वालिटीला जबाबदार आहे, लॅबकडे बोट दाखवून सुटका नाही.

तर एका स्टारवर आलो होतो. पण तिथे गेलो तेव्हा त्यांच्या क्यूए (दर्जा सांभाळणाऱ्या) मॅडमनी काही लपवलं नाही, माझ्यासमोर चेंबरचं दार उघडं ठेवून अलार्म वाजवला, माझ्या खिशातला फोन वाजेपर्यंत थांबल्या. आता अ‍ॅग्रीमेंटमध्ये २४ तास, दोन नंबर, आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी नंबर बदलायचा. तरी महिन्यातून एकदा मी ते दोन्ही नंबर लावून बघतो, मागच्या वेळी एक कँटीनवाल्याने उचलला, साहेब जेवतायत म्हणाला.

तीन स्टार. अर्धा जास्त दिला असता, पण या घोळामुळे जे जादा टेस्टिंग करावं लागलं त्याचं बिल यांनी आम्हालाच लावलंय, वर जीएसटी. ते रद्द करा, मग बघू.